नमद्याखाली कोंडलेला आवाज

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की गळा काढतात, असा तुमचा समज असेल. मला रडू येत नाही. मला राग येतो. तो का येतो ते ऐका, आणि मग तुम्हीच ठरवा.

माझा जन्म विलायतेतला. मोठे युद्ध संपून थोडीच वर्षे झाली होती. तेव्हा पत्रा जाड असे आणि माणसांना घाई नसे. माझ्या दारांच्या पोटात तागाचे जाड थर घातले होते, टपाला आतून कापड होते आणि गाद्या घोड्याच्या केसांनी भरलेल्या होत्या. दार लावले की पेटीचे झाकण बसावे तसा आवाज यायचा. ज्या माणसांनी मला घडवले, त्यांनी मला आवाज दिला आणि तो आत किती यावा तेही ठरवून दिले. इंजिन चांगले असले की मी एका सुरात गुणगुणते. तेल कमी पडले की कुरकुरते. चाकात काही बिघडले की किर्र करते. तुम्हाला भूक लागली की तुम्ही आईला सांगता ना? तसेच. आवाज ही माझी भाषा आहे, दुसरी मला येत नाही.

जहाजाने मुंबई आणि तिथून रेल्वेने जयपूर असा प्रवास करून मी एका ठाकुरांच्या हवेलीत आले. ते दिवस मानाचे होते. तीजेच्या सणाला मला झेंडूच्या माळा घालत. ड्रायव्हर मला हात लावण्याआधी स्वतःचे हात धुवायचा. पुढे ठाकूर वारले, मुलांनी जीप घेतली, आणि मी हवेलीमागच्या शेडमध्ये जाऊन पडले. कबुतरांनी टपावर संसार थाटला. उंदरांनी दारांतला ताग खाल्ला, गाद्यांतले केस ओढून नेले. मागच्या गादीखालचा पत्रा गंजून त्याला रुपयाएवढे भोक पडले. वर्षानुवर्षे मला कोणी विचारले नाही.

मग डॉक्टर हर्डीकर आले. मुकुंदराव हर्डीकर. त्यांचे वडील जयपुरात कॉलेजात शिकवायला आले आणि इथलेच झाले. मुकुंदराव इथेच जन्मले, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी मिसळलेली. नोकरी चाकसूच्या दवाखान्यात. तिथून जयपूर टोंक रोडने तासाभराच्या वाटेवर. त्यांनी मला शेडमधून बाहेर ओढले, कबुतरांना हात जोडून निरोप दिला, इंजिन खोलून घेतले, रंग लावला. दर रविवारी ते जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने मला पुसायचे. त्यांचे माझ्यावर प्रेम होते, याबद्दल मला शंका नाही. पण प्रेम करणाऱ्यावर रागावता येत नाही असे कोणी सांगितले?

शहाऐंशी साल होते. चाकसूला शीतलामातेची जत्रा भरली होती, आणि गर्दी चुकवायला डॉक्टरांनी मला शेतातल्या वाटेने नेले. वाटेत एक दगड माझ्या पोटाला लागला. सायलेन्सरकडे जाणारा धुराचा नळ तडकला, नेमका मागच्या गादीखाली, त्या गंजक्या भोकाच्या शेजारी. धूर सायलेन्सरपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर पडू लागला. मी ओरडले. भडभड, भडभड. त्या दिवसापासून मी रोज ओरडत होते. माझ्या भाषेत त्याचा अर्थ अगदी सरळ होता. खाली वाका. बघा. नळ फुटलाय.

कोणी वाकले नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर मिरजेहून तारामतीआक्का आल्या. आक्का म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी शकुंतलाबाई यांच्या आई. नऊवारी नेसणाऱ्या, ठेंगण्या, आणि बोलायला लागल्या की समोरच्याने पाठ सरळ करून बसावे अशा. त्या कीर्तनकार होत्या. तुमच्यातल्या ज्यांनी कीर्तन ऐकले नसेल त्यांच्यासाठी सांगते. कीर्तनकार उभा राहून देवाचे गुण गातो, गोष्ट सांगतो, हसवतो, मध्येच गातो, मध्येच रागावतो, आणि ऐकणारे घरी जाताना आपापल्या मनातला केर थोडा झाडून जातात. पहिल्या भागात उपदेश, तो पूर्वरंग. मग कीर्तनकाराच्या कपाळी बुक्का लावतात, गळ्यात हार घालतात. त्यानंतर गोष्ट, ते आख्यान. उभे राहायची जागा नारदाची म्हणून मानतात, आणि त्या जागेवरून खोटे बोलायचे नाही असा दंडक आहे. आक्कांनी तो आयुष्यभर पाळला होता. शकुंतलाबाई लहानपणी त्यांच्या मागे उभ्या राहून झांज वाजवायच्या.

आक्का पहिल्यांदा माझ्यात बसल्या तेव्हा मी त्यांनाही ओरडून सांगितले. त्या कानावर पदर घेऊन म्हणाल्या,

“काय गं, तुमची ही जाऊबाई रोजच भांडते का?”

तेव्हापासून मी त्या घरात जाऊबाई झाले. मला नाव आवडले. निदान कोणीतरी ओळखले होते की मी नुसता गोंगाट करत नाही, भांडते आहे.

जयपूरच्या मराठी मंडळाला आक्का आल्याचे कळले, आणि दत्तजयंतीचे कीर्तन त्यांनीच करावे असा आग्रह झाला. खातीपुऱ्याकडे लष्करी लोकांच्या वसाहतीत एक छोटे दत्ताचे देऊळ आहे, तिथे. आक्का हो म्हणाल्या. पण त्यांचा गळा आता जपावा लागे. माझ्यात बसून चाकसूहून जयपूरला जायचे, तर माझ्या आवाजावर आवाज चढवून बोलावे लागे, आणि उतरताना त्यांचा घसा बसलेला असे. एकदा तर फारच बसला. डॉक्टर कळवळले.

“आक्का, तुम्ही फिकर करू नका,” ते म्हणाले. “मतलब, मी गाडीचा आवाजच बंद करून टाकतो.”

मित्रांनो, हे वाक्य पुन्हा ऐका. त्यांनी आवाजाचे कारण बंद करतो म्हटले नाही. आवाज बंद करतो म्हटले.

मग एका रविवारी आमच्या व्हरांड्यात सभा भरली. मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब आले. ते पूर्वी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. लष्करातले सुभेदार हणमंतराव आले, त्यांची उभी हयात लष्कराच्या गाड्यांत गेलेली. चहा झाला आणि माझ्या पोटात काय भरावे यावर चर्चा सुरू झाली. मी समोर उभी होते. मला कोणी एक शब्द विचारला नाही.

डॉक्टरांनी आधी थर्मोकोल काढला. हणमंतरावांनी त्याचे दोन तुकडे एकमेकांवर घासून दाखवले.

“ऐका. ह्यो दातावर वाळू घासल्यागत करकरतोय. गाडीचा आवाज बंद व्हायचा आन् ह्याचा सुरू व्हायचा. वर ठिणगी पडली तर भुर्र.”

शेजारणीने जयपुरी रजई फाडून तिचा कापूस भरा असे सुचवले होते. शकुंतलाबाई म्हणाल्या, कापसाचे गोळे होतात, आणि गाडीला रजई घालून आम्ही काय गोधडीत निजायचे? हणमंतरावांना काथ्या हवा होता, जुन्या गाद्यांतला, लष्करात मिळाला असता. आप्पासाहेबांनी तो मोडीत काढला. काथ्या पाणी पितो, पत्रा गंजवतो. फोम? इथल्या उन्हाळ्यात दोन वर्षांत त्याचा भुगा होईल.

मग आप्पासाहेबांनी चष्मा पुसला. त्यांचे म्हणणे बरोबर होते, हे मला रागातही कबूल केले पाहिजे. आवाज दोन वाटांनी येतो, ते म्हणाले. एक पत्रा थरथरतो म्हणून. त्याला जड, चिकट काहीतरी चिकटवा, म्हणजे तो थरथरणार नाही. दुसरा हवेतून येतो. त्याला मऊ, दाट, केसाळ असे काही द्या, तो त्यात गुंतून मरतो. पत्र्यासाठी डांबराचे पट्टे, आणि त्यावर टोंकचा नमदा. नमदा म्हणजे लोकर भिजवून, लाटून, दाबून केलेले जाड अंथरूण. टोंकला तो फार सुंदर बनतो, आणि टोंक आमच्याच रस्त्यावर. शिवाय दारांना नवे रबर लावा, म्हणजे फटी बुजतील.

सगळ्यांना पटले. डॉक्टर उठले आणि माझे दार उघडून त्यांनी पत्र्यावर बोटे वाजवून पाहिली, रोग्याची छाती तपासताना वाजवतात अगदी तशी. ठण्, असे वाजले. डांबराचा तुकडा चिकटवून पुन्हा वाजवले. थप्.

“बघा,” ते आनंदाने म्हणाले.

मी काय बघू? अहो डॉक्टर, छाती ठोकून बघितलीत, पण खोकला कुठून येतो ते विचारले नाहीत. रोगी खोकत आला तर त्याच्या तोंडावर तुम्ही उशी ठेवता का?

काम सुरू झाले. जुने डाग खरवडले, पट्टे चिकटवले, पांढराशुभ्र नमदा कापून जमिनीवर, मागच्या गादीखाली, डिकीत अंथरला. मागची गादी उचलली तेव्हा ते रुपयाएवढे भोक उघडे पडले. त्यातून खालची जमीन दिसत होती, आणि थोडे मागे सरकून पाहिले असते तर तडकलेला नळही दिसला असता. डॉक्टरांनी पाहिले ते भोकच पाहिले.

“छोटंसंच आहे,” ते गादीवाल्याला म्हणाले. “इथे नमदा डबल घाला.”

मित्रांनो, नमदा आवाज अडवतो, हवा अडवत नाही. लोकरीतून वारा गाळणीतल्या पाण्यासारखा जातो. आणि आधी दारांच्या फटींतून जो धूर बाहेर निघून जायचा, त्याची वाट नव्या रबराने बंद करून टाकली होती. धुराला आत यायची वाट ठेवली, बाहेर जायची बुजवली. मी भडभडत होते, ओरडत होते, पण माझे ओरडणे त्या पांढऱ्या लोकरीत शिरायचे आणि तिथेच मरायचे. आत बसलेल्यांना मी मांजरासारखी घुरघुरताना ऐकू येत होते.

“काय गप्प झाली हो जाऊबाई!” आक्का म्हणाल्या, आणि डॉक्टरांचे तोंड लाडू मिळाल्यासारखे फुलले.

येणारा-जाणारा वाहवा करू लागला. डॉक्टर मला थांबवून लोकांना आत बसवायचे, दार लावायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, “आता ऐका.” ऐका म्हणे! ऐकण्यासारखे जे होते ते तर तुम्ही पुरलेत. इतकी वाहवा मला ठाकुरांच्या दारातही मिळाली नव्हती, आणि इतका संतापही कधी झाला नव्हता.

त्यातच शकुंतलाबाईंचे डोके दुखू लागले. बाजाराला जयपुरास जाऊन आले की दुखायचे. नव्या लोकरीचा वास सहन होत नसेल, डांबराचा असेल, डॉक्टर म्हणाले, आणि गोळी दिली. गोळीने डोके थांबले. म्हणजे तिथेही तेच. दुखणे काहीतरी सांगायला आले होते, त्यालाही गप्प केले.

दत्तजयंती आली. मार्गशीर्षाची थंडी, टोंक रोडवर झोंबरा वारा. दत्ताचा जन्म सूर्यास्ताला, त्याआधी कीर्तन व्हायचे, म्हणून दुपारी निघायचे होते. आक्कांचा एक नेम होता. कीर्तनाच्या दिवशी सकाळच्या पूजेपासून नारदाच्या जागेवर उभे राहीपर्यंत मौन. एक शब्दही नाही. पहिला शब्द देवाच्या नावाचा. पोटातही पाण्याशिवाय काही नाही. आणि घरातल्यांचा नेम असा की आक्कांच्या मौनात कोणी त्यांना काही विचारायचे नाही, त्यांच्याकडे वळून पाहायचेही नाही. त्या मनातल्या मनात सगळे आख्यान म्हणत असत, हातात चिपळ्या धरून मांडीवर हलका ठेका देत. चुकून कोणी हाक मारली तर ती ओवी पुन्हा पहिल्यापासून.

आक्का मागे बसल्या, नेमक्या त्या भोकावर. गळ्याला वारा लागू नये म्हणून मागच्या काचा घट्ट लावल्या. शकुंतलाबाई पुढे बसल्या. डोक्याला बरे वाटते म्हणून त्यांनी आपल्या बाजूची छोटी तिरकी काच बोटभर उघडी ठेवली होती. निघाले.

मी तुम्हाला सांगते, तो प्रवास मी कधी विसरणार नाही. माझ्या पोटातून धूर निघत होता आणि माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे माझ्याच आत, एका भल्या बाईच्या नाकातोंडात जात होता. मी ओरडत होते. चढ आला की जोर करून ओरडत होते. नमदा सगळे गिळत होता. आक्कांच्या चिपळ्या वाजत होत्या, चिन् चिन्, चिन् चिन्, मांडीवर दाबलेल्या, बारीक. त्यांचा श्वास जड होऊ लागला. त्यांनी एकदा कपाळाला हात लावला. त्यांना गरगरत होते, हे मला गादीवरच्या त्यांच्या भारावरून कळत होते, तो एका बाजूला कलत चालला होता. बोला, आक्का. एक शब्द बोला. मला तुम्ही जाऊबाई म्हणता ना, माझे तोंड बांधले आहे, तुमचे तर मोकळे आहे. आक्का बोलल्या नाहीत. नेम होता.

आणि पुढे डॉक्टर किती आदराने गप्प बसले होते! शांत गाडीत आक्कांचे चिंतन कसे छान चालले आहे, या समाधानात. त्यांचेही डोके जड झाले होते. त्यांनी ते दत्तजयंतीच्या उपासाच्या खात्यात टाकले असेल.

वाटेतल्या शिवदासपुऱ्याच्या अलीकडे चिपळ्या अडखळल्या. चिन् चिन्, चिन्… चिन्. मग एक मात्रा सुटली. मग दोन.

“अहो,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “थांबवा.”

“शकू, मौन चाललंय त्यांचं.”

“आईचा ठेका चुकला.”

“डुलकी लागली असेल.”

“आई झोपेतसुद्धा ठेका चुकत नाही. गाडी थांबवा म्हणते ना.”

आणि त्या मागे वळल्या. घरातला तो नेम त्यांनी पहिल्यांदा मोडला. त्याच क्षणी चिपळ्या आक्कांच्या हातातून निसटून नमद्यावर पडल्या. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

इथे मी खोटे बोलणार नाही. गाडी शांत नसती तर तो बारीक ठेका शकुंतलाबाईंना ऐकूच आला नसता. पण माझा खरा आवाज दाबला नसता तर तो ठेका चुकलाच नसता. म्हणून मी नमद्याचे आभार मानत नाही. मी आभार मानते ते लहानपणी आईच्या मागे उभे राहून झांज धरणाऱ्या त्या मुलीच्या कानांचे.

रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर एक खाट होती. दोघांनी मिळून आक्कांना बाहेर काढून त्यावर निजवले. त्यांना उलटी झाली. पोटात काही नव्हतेच, नुसते पाणी आले. डॉक्टरांनी नाडी धरली. त्यांनी आक्कांचे डोळे पाहिले, श्वास पाहिला. मग अंगावरचा रेशमी सदरा विसरून ते धुळीत आडवे झाले आणि माझ्याखाली शिरले.

शेवटी. इतक्या महिन्यांनी शेवटी एक माणूस माझ्याखाली वाकून बघत होता.

बाहेर आल्यावर मागची गादी त्यांनी उपसून काढली आणि नमदा उलटा केला. वरून तो अजून पांढराशुभ्र होता. खालून, त्या भोकाच्या जागी, काजळासारखा काळा गोल डाग उमटला होता. दुहेरी घातलेला नमदा, दोन्ही थर काळे. ते तो हातात धरून उभे राहिले.

आक्कांनी डोळे उघडले. कीर्तनाच्या दिवशी पहिला शब्द देवाच्या नावाचा, हा त्यांचा जन्माचा नेम. त्या दिवशी पहिला शब्द वेगळा निघाला.

“मुकुंदराव,” त्या म्हणाल्या. आवाज फाटका होता. “ती बिचारी इतके महिने बोंबलत होती. तुम्ही तिच्या तोंडात बोळा कोंबलात.”

“आक्का, मी तुमच्या गळ्यासाठी…”

“माहीत आहे मला. म्हणून तर जास्त राग येतोय. वैऱ्याने केलं असतं तर एवढा आला नसता.” त्यांनी दम घेतला. “आणि माझ्या तोंडात मीच कोंबला. केव्हाची गरगरतेय, तरी म्हटलं शब्द मोडायचा नाही. देवानं सांगितलं होतं का मर म्हणून?”

शकुंतलाबाई रडत होत्या. आक्का त्यांच्यावरही चिडल्या. रडतेस काय, म्हणाल्या, ऐकणारी तू एकटी निघालीस.

त्या दिवशी कीर्तन झाले नाही. डॉक्टरांनी त्यांना रस्त्यावर थांबवलेल्या एका जीपमधून, मोकळ्या हवेत, जयपूरच्या इस्पितळात नेले आणि प्राणवायू लावला. खातीपुऱ्याच्या देवळात माणसे वाट पाहत बसली. शेवटी भजन म्हणून त्यांनी जन्माचा पाळणा हलवला. आप्पासाहेब आधी चिडले, आणि कारण कळल्यावर चष्मा पुसत बसले. त्यांचे दोन वाटांचे गणित बरोबरच होते, मित्रांनो. त्यात फक्त आधीची एक पायरी राहिली होती. कोणता आवाज मारायचा हे ठरवण्याआधी तो काय म्हणतो ते ऐकायची.

मी शिवदासपुऱ्यालाच उभी होते. दुसऱ्या दिवशी हणमंतराव आले आणि मला हळूहळू, सगळ्या काचा उघड्या टाकून, वेल्डरकडे घेऊन गेले. वाटेभर ते स्वतःलाच शिव्या देत होते. उभा जन्म गाड्यांत गेला, आन् व्हरांड्यात बसून थर्मोकोल घासत बसलो. माझा तडकलेला नळ बदलला, भोकावर पत्र्याचे ठिगळ बसवून चारी बाजूंनी जोडले. मी गरजेपुरती गुणगुणू लागले. खरे सांगायचे तर नमद्याशिवायही आता मी फार ओरडत नव्हते. ओरडायचे कारणच राहिले नव्हते.

डॉक्टर नमदा जाळायला निघाले होते. त्यांना तो नजरेसमोर नको होता. आक्कांनी थांबवले. लोकरीचा काय दोष, त्या म्हणाल्या, काळा भाग कापून टाका आणि बाकीचा घाला. मला वाटले होते की त्या माझ्या बाजूने बोलतील. नंतर कळले, त्या माझ्याच बाजूने बोलत होत्या. त्यांनी आणखी एक सांगितले. पुढे, चालवणाऱ्याच्या पायाशी, ओंजळभर जागा उघडी ठेवा. तिथे नमदा नको, डांबर नको, काही नको.

“जाऊबाईंना बोलायला एक खिडकी पाहिजे,” त्या म्हणाल्या.

कीर्तन पुढच्या गुरुवारी झाले. गुरुवार हा दत्ताचा वार. आक्का माझ्यातूनच आल्या, हट्टाने, आणि या खेपेस त्या वाटेत बोलत आल्या. चिंता नको, गळा जपून बोलल्या, पण बोलल्या. मी देवळाबाहेर उभी होते, दार उघडे होते, मला सगळे ऐकू आले. डॉक्टर पहिल्या रांगेत होते. पूर्वरंगात आक्कांनी मौनावर निरूपण केले, आणि स्वतःला सोडले नाही. मी जे धरले होते ते मौन नव्हते, त्या म्हणाल्या, तो अहंकार होता. लोकांनी म्हणावे की आक्कांचा नेम किती कडक. मौन ऐकण्यासाठी धरायचे असते. ज्या मौनात स्वतःच्या जिवाची हाकही ऐकू येत नाही, ते कसले मौन? मग त्यांनी त्यावर एक पद गायले, त्यांचेच रचलेले. शकुंतलाबाई मागे झांज घेऊन उभ्या होत्या, कितीतरी वर्षांनी. आक्कांचा आवाज पूर्वीसारखा नव्हता, वरच्या सुरावर त्याला चीर पडत होती. पण ती चीर मला फार आवडली. ती कोणी बुजवली नव्हती.

मध्यंतरात त्यांच्या कपाळी बुक्का लागला, गळ्यात हार पडला. कीर्तन संपल्यावर त्या बाहेर आल्या आणि बोटावर उरलेला बुक्का त्यांनी माझ्या नाकावर टेकवला. मला वाटले होते की माझा राग तिथेच संपेल.

तो संपला नाही. आक्का मिरजेला परतल्या, उन्हाळा आला, मी अजून टोंक रोडवर धावते, आणि मी अजून रागावलेली आहे. वाईट माणसांवर नाही. वाईट माणसे मला भेटलीच नाहीत. मी रागावले आहे ती त्या चांगल्या माणसांवर, ज्यांना शांतता हवी असते आणि ती मिळवण्याची त्यांना घाई असते. तुमच्या घरात कोणी कुरकुरत असेल, मित्रांनो, आजी, बहीण, वर्गातला एखादा मुलगा, दुभती गाय, पाण्याचा पंप, कोणीही, तर त्याच्यावर लोकर टाकण्याआधी एकदा खाली वाकून बघा. गुडघ्यांना धूळ लागेल. लागू द्या.

परवाच माझ्या मागच्या डाव्या चाकातून नवा आवाज येऊ लागला. अगदी बारीक, किर्र. डॉक्टर गाणे गुणगुणत होते. मी पायाशी ठेवलेल्या त्या उघड्या जागेतून पुन्हा बोलले. किर्र.

“अहो,” शकुंतलाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी ‘काही नाही गं’ म्हटले नाही. त्यांनी मला बाभळीखाली उभे केले, खाली उतरले, आणि भर दुपारी, तापलेल्या रस्त्यावर, गुडघे टेकून माझ्या चाकाला कान लावला.